पडद्यामागचा प्रोबेशन साहेब

हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललो नाही. सुमनजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळसुद्धा नाही — आणि सुमनपासून माझं काही लपत नाही, मी बिड्या कुठं लपवतो हे तिला माझ्याआधी ठाऊक असायचं. पण हे एक राहून गेलं. राहून गेलं कशाचं — मीच राहू दिलं. आता तुम्हाला काऊन सांगून राह्यलो? तुम्ही समोर बसलेले दिसत नाही, म्हणून असेल. समोरच्याच्या डोळ्यात पाहून सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

आधीच सांगतो, हे रडगाणं नाही. उलट माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे दिवस आहेत यात. तीच तर पंचाईत आहे! आपण केलेलं वाईट आठवलं की माणसाचं तोंड उतरायला पाहिजे ना? माझं खुलतं. सुमन विचारते, काय हो, एकटेच काय हसून राह्यले? मी म्हणतो, काही नाही, मारोतीचं आठवलं. मग तीही हसते. मारोतीचं नाव निघालं की आमच्या घरी सगळेच हसतात.

मी प्रोबेशन ऑफिसर होतो. सरकारी नाव परिवीक्षा अधिकारी, पण ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. लोक म्हणायचे प्रोबेशन साहेब. काम असं — एखाद्यानं पहिल्यांदाच गुन्हा केला, माणूस मुळात बरा आहे, तर कोर्ट त्याला तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडतं. दोन-तीन वर्षं नीट वाग म्हणतं. आणि तो नीट वागतो की नाही हे बघायला माझ्यासारखा एक माणूस त्याच्या मागे लावून देतं. आपण जायचं, ओसरीवर बसायचं, चहा प्यायचा, आईला विचारायचं, शेजाऱ्याला विचारायचं, पोराला कामाला लावायचं, दारू सोडवायची, जमलंच तर त्याचं लग्नही जमवून द्यायचं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून साहेब झालेला मी पहिलाच. माझा बाप सगळ्यांना सांगत फिरायचा — माझा पोरगा लोकांना जेलातून वाचवतो अन् वरून सरकार त्याला पगार देतं! पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं.

मग काय झालं? काहीच झालं नाही. हेच तर सांगता येत नाही. ऐंशीच्या दशकात चंद्रपूर फोडून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नकाशावर दोन जिल्हे झाले, पण दोन्हीकडे फिरणारा मी एकटाच राहिलो. आज घुग्घुसच्या खाणीजवळ, उद्या जिवतीच्या डोंगरावर, परवा पार भामरागड. ज्या पोराला मोठ्या मेहनतीनं नोकरीला लावावं तो महिनाभरात दारू पिऊन पडलेला दिसायचा. ज्याचं चांगलं चाललं तो मला रस्त्यात ओळख दाखवायचा नाही — काऊन दाखवेल, मी त्याच्या वाईट दिवसांची आठवण! हळूहळू माझ्यातलं काहीतरी आटत गेलं. आता माझी पुतणी सांगते की याला बर्नआउट म्हणतात. तेव्हा या दुखण्याला नाव नव्हतं. सुमन म्हणायची, तुमच्या आंगात जीव नाई राह्यला.

पावसाळ्यात भामरागडला निघालं की पुलावरून पाणी आहे म्हणून बस मधेच परत फिरायची. बाकीचे प्रवासी कपाळाला हात लावायचे, आणि मी मनातल्या मनात नाचायचो. पूर आला म्हणून खूश होणारा सरकारी माणूस तुम्ही पाहिला आहे का? तो मी.

आणि एकदा घुग्घुसला — हे सांगताना मात्र मला हसू येत नाही. माझ्या देखरेखीखालच्या एका पोराची आई मला सांगत होती की पोरगा टीबीनं दवाखान्यात पडला आहे, तोंडातून रक्त पडतं. मी मान हलवली आणि विचारलं, ‘कामावर टाइमावर जाते ना?’ बाई माझ्याकडे बघतच राहिली. रागावली नाही बिचारी. म्हणाली, ‘साहेब, तुमी पयले पाणी प्या.’ मी पाणी प्यालो, एसटी स्टँडवर येऊन बसलो. चंद्रपूरची बस आली आणि गेली. दुसरीही आली, तीही गेली. मी बाकड्यावर बसूनच होतो. घरी जायची इच्छा नव्हती, पुढच्या गावी जायची नव्हती, उठायचीच नव्हती.

अशात मारोतीचं प्रकरण माझ्याकडे आलं.

आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी एक गाव आहे. नाव नाही सांगत. मारोती तिथला ढिवर — नदीत जाळं टाकायचं, धान कापणीच्या दिवसांत मजुरीला जायचं, आणि धान घरात आलं की नाटक. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पोरं गावचीच, पेटीवालाही गावचाच, पडदे तेवढे भाड्याचे. त्या वर्षीच्या नाटकात राजा होता दुकानदाराचा वसंता, आणि मारोती बेइमान सेनापती. शेवटी सेनापतीनं तलवार मारायची, राजानं मरायचं, पडदा. पण त्या दिवशी वसंताची सासुरवाडी पुढच्या रांगेत येऊन बसलेली — सासरा, सासू, साळ्या, झाडून सगळे. मग राजा कशाचा मरतो! मारोतीनं तलवार मारली. राजा पडला, उठला, आणि एक भाषण ठोकून दिलं. परत मारली. राजा परत पडला, परत उठला, आणि या खेपेला गाणं म्हटलं. पब्लिक शिट्ट्या मारून राह्यलं. मारोती दातओठ खात हळूच म्हणे, ‘मर ना बे आता!’ राजा म्हणे, ‘थांब ना जरासाक, सासरा पाहून राह्यला.’ तिसऱ्यांदा मारोतीची सटकली. लाकडी तलवारीची मूठ त्यानं अशी हाणली की राजाचा पुढचा दात थेट सासऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडला.

तुम्ही हसता, पण कायद्यात दात पडणं म्हणजे गंभीर दुखापत. हाड मोडणं आणि दात पडणं एकाच पंगतीत. सासऱ्यानं तो दात रुमालात बांधून ठाण्यात नेला, खटला उभा राहिला, आणि मारोतीवर गुन्हा शाबीत झाला. कोर्टानं मला सांगितलं, माणूस कसा आहे ते पाहून या. मी गावात चौकशीला गेलो आणि नोकरीत पहिल्यांदा हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबून बसलो. खुद्द वसंता म्हणाला, साहेब, चूक माझीच होती, मी मरायला पाहिजे होतं! मी चांगलं लिहिलं. कोर्टानं मारोतीला तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडलं — नीट वागायचं, परवानगीशिवाय गावाबाहेर मुक्काम करायचा नाही, आणि प्रोबेशन साहेबाच्या देखरेखीत राहायचं.

पहिल्या भेटीला गेलो तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात नव्या नाटकाची तालीम सुरू होती, म्हणजे सुरू होणार होती आणि होत नव्हती. प्रॉम्प्टर हिवतापानं आडवा झालेला. आमच्याकडच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे काय चीज, हे बाहेरच्याला नाही समजायचं. आमचे नट पाठांतर करत नाहीत. कोणाला वेळ आहे? प्रॉम्प्टरनं पडद्याआडून, विंगेत बसून, प्रत्येक वाक्य हलक्या आवाजात सांगायचं. नटानं ते झेलायचं आणि पार शेवटच्या माणसापर्यंत फेकायचं. प्रॉम्प्टर अडला की राजा अडला, राणी अडली, सगळं राज्य अडलं. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर मारोतीनं पुस्तकच माझ्या हातात दिलं. म्हणाला, ‘साहेब, ते तं तुमी मंग इचारा. तुमाले वाचता येते, हे धरा पयले.’

मी धरलं. काऊन धरलं कोण जाणे. एक वाक्य हळूच वाचलं. मारोतीनं ते उचललं — आणि काय सांगू! मी कागदावरचं मेलेलं वाक्य दिलं होतं, त्यानं ते असं जिवंत करून फेकलं की अंगणातली कुत्री उठून उभी राहिली. दुसरं दिलं, तिसरं दिलं. कुठं थांबायचं, कुठं घाई करायची, राणीचं काम करणाऱ्या पोराला हुंदक्यासाठी किती वेळ सोडायचा, हे आपोआप समजत गेलं. अंधार पडला तेव्हा ध्यानात आलं की मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. आणि पोटात भूक होती — खरीखुरी भूक! कितीतरी दिवसांत लागली नव्हती.

मारोतीच्या मायनं, बायजाबाईनं, मला चुलीपाशी बसवलं. झिंग्याची भाजी, गरम भात, जवसाची चटणी. वाढता वाढता म्हणे, ‘साहेब, तुमी असे वाळून काऊन गेले? घरची बाई जेवाले नाई देत का?’ मी म्हटलं, देते, पण खाववत नाही. म्हणे, ‘मंग इथी येत जा.’ झालं. मला आणखी काय पाहिजे होतं?

मी जात राहिलो. महिन्याला एक भेट पुरे होती. मी तालमीच्या दिवसांत आठवड्याला जाऊ लागलो. जुना प्रॉम्प्टर बरा झाला तर गावानं त्याला पेटीच्या बाजूला बसवलं, म्हणाले, साहेबासारखी घाई-सबूर तुले नाई जमत. असा फुगलो होतो मी त्या दिवशी! बसमध्ये नाटकातली पदं गुणगुणायचो. कंडक्टर ओळखीचा झाला, म्हणायचा, साहेब, आज कोणतं नाटक? सुमन म्हणाली, काय, कोणी भेटली का आरमोरीकडे? मी म्हटलं, हौ, राणी आहे एक, मिशा आहेत तिला.

आणि नोकरीत जीव परत आला. खरंच आला. जिवतीचा घाट चढताना मला धाप नाही लागायची. घुग्घुसच्या त्या बाईकडे गेलो, पोराला भेटायला दवाखान्यात गेलो, डॉक्टरशी भांडून त्याला चांगली खाट मिळवून दिली. माणसं काय बोलतात ते मला परत ऐकू यायला लागलं. हे सगळं खरं आहे. पण सांभाळून ऐका — हे मी सबब म्हणून नाही सांगत. एका माणसाच्या खर्चानं मी दुसऱ्यांशी चांगला वागत होतो. तिकडेच येऊन राह्यलो आता.

पहिलं वर्ष असं गेलं. मंडईत आमचं नाटक झालं आणि ते काय झालं म्हणता! आजूबाजूच्या गावांहून बैलबंड्या जुंपून लोक आले. पुढच्या रांगेत वडशाच्या एका नाटक कंपनीचा मालक बसला होता. पोट सुटलेला, पान खाणारा, आणि नजर मात्र सोनाराची. नाटक संपल्यावर तो थेट पडद्यामागे आला, मारोतीचा हात धरला आणि म्हणाला, माझ्या कंपनीत चल. हंगामभर गावोगाव खेळ, आज इथं तर उद्या नदीपार. नदीत जाळं कशाला टाकतोस, तुझा गळा लाखात एक आहे.

मारोतीचा चेहरा मी पाहिला. मी विंगेतच उभा होतो, पुस्तक अजून हातात. ओठ हलत होते त्याचे, पण शब्द निघत नव्हता. त्याला शब्द द्यायची सवय मला. पण या वेळी कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग तो मालकाला म्हणाला, मी बंधपत्रावर आहे, मुक्काम करता येत नाही, साहेबाले इचारतो. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘साहेब, मले मोकळं करून द्या ना जी.’ बायजाबाई तिथंच होती. लेकाचे पाय दाखवून म्हणाली, पाण्यात उभं राहून राहून हे पाय सडले साहेब, याच्या बापाचेही असेच सडले होते. स्टेजवर कोरडा तरी राहील माहा लेक.

ऐकून घ्या, मला काय करता येत होतं. वर्षभर वर्तणूक चांगली असली तर प्रोबेशन ऑफिसर कोर्टाला अर्ज करू शकतो — या माणसाला आता देखरेखीची गरज नाही, बंधपत्र रद्द करा. असे अर्ज मी आधीही केले होते आणि माझ्या शब्दावर कोर्टानं ते मानलेही होते. मारोतीची वर्तणूक? त्यानं वसंताला स्वतः नागपूरला नेऊन खोटा दात बसवून आणला होता. त्या मुक्कामाची परवानगी मीच दिली होती, हसत हसत. म्हणजे दर दौऱ्याची परवानगीही मला देता आली असती. गावात त्याच्याबद्दल वावगा शब्द काढणारा एक माणूस सापडला नसता.

मी म्हटलं, हौ, लगेच करतो. आणि तेव्हा मी खरंच बोलत होतो.

चंद्रपूरला आलो. अर्ज लिहायला बसलो. मारोतीचं नाव डोळ्यासमोर आलं, आणि त्याच्यामागे शाळेचा तो वऱ्हांडा आला — मारोतीशिवायचा. त्याच्याशिवाय ते नाटक काय होतं? चार पोरं आणि एक पेटी. मारोती गेला की नाटक गेलं. नाटक गेलं की मला तिथं जायचं कारण गेलं. आणि मग पुढं काय — परत तो एसटी स्टँड, परत ते बाकडं? मला भीती वाटली. मोठ्या माणसाला वाटू नये अशी भीती वाटली. उद्या लिहू म्हटलं. उद्याचं परवा झालं. आणि एक दिवस मला कळलं — मी विसरत नव्हतो, टाळतही नव्हतो. मी तो अर्ज करणारच नव्हतो.

झालं सांगून. नाही, अजून नाही. न करणं एवढंच असतं तर आळस म्हणून खपलं असतं.

पुढच्या खेपेला मारोती फाट्यावरच उभा होता, बसची वाट पाहत. काय झालं साहेब? आणि मी म्हटलं — कोर्टानं नाही म्हटलं. असं सहज तोंडून निघालं, कोणी विंगेतून सांगावं तसं. त्याचं तोंड उतरलं. क्षणभरच. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं तो चिडेल, रडेल, निदान विचारेल की काऊन नाही म्हटलं. तर तो उलट माझीच समजूत घालायला लागला! ‘जाऊ द्या साहेब, तुमी तं कोशिस केली ना. तोंड पाडू नका. चला, मायनं झिंगे आणले.’ मी गेलो. जेवलो. गोड लागलं, काय खोटं बोलू? त्या दिवशीची तालीम तर विचारू नका, इतकी रंगली.

दुसऱ्या हंगामाआधी कंपनीच्या मालकानं परत निरोप धाडला. जागा ठेवली आहे, पोरगा सुटतो का बघा. मारोतीनं परत विचारलं, मी परत हौ म्हटलं, आणि परत काही केलं नाही. या वेळी मात्र मी गोष्ट रंगवून सांगितली. जजसाहेबांपुढे मी कसा उभा राहिलो, टेबलावर कशी मूठ आपटली, ते कसे चष्म्यावरून पाहून नाही म्हणाले — सगळं करून दाखवलं. त्या जजसाहेबांना बिचाऱ्यांना मारोतीचं नावही आठवत नसेल. सगळ्या नटमंडळीत प्रॉम्प्टरशिवाय काम करणारा मी एकटाच होतो. पोरं डोळे फाडून ऐकत होती. बायजाबाईनं माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. म्हणाली, माह्या लेकासाठी साहेब मोठ्या लोकायसंग भांडते, नजर नाई लागली पायजे.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी लाज वाटली असेल. वाटली ना. चुलीत मोहऱ्या तडतडत होत्या तेवढा वेळ. मग तालमीची वेळ झाली.

तीन वर्षं भरली तशी बंधपत्राची मुदत आपोआपच संपली. कोणाच्या अर्जाची गरज राहिली नाही. मारोतीनं नवी बंडी शिवली, पहिल्या गाडीनं वडशाला गेला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. मालकानं वाट पाहून पाहून ब्रह्मपुरीकडचा एक गडी घेतला होता, तो चांगला जमून गेला होता. मारोतीनं ही गोष्ट आम्हाला अशी सांगितली की हसून हसून पोट दुखलं — मालक पान थुंकायला कसा उठला आणि परत आलाच नाही, त्याची नक्कल करून. त्यानंतर त्याला दुसऱ्या कोणी बोलावलं नाही. जाळं टाकत राहिला, पाय सडत राहिले, दर मंडईला गावच्या नाटकात काम करत राहिला. आणि मी माझी बदली होईपर्यंत, कितीतरी वर्षं, त्याच्या विंगेत बसत राहिलो. म्हणजे बघा, मला जे पाहिजे होतं ते सगळं मला मिळालं. मी खूश होतो. आजही त्या दिवसांच्या आठवणीनं खूश होतो. हे मी बदलून नाही सांगू शकत.

तो वडशाहून रिकाम्या हातानं आला त्याच आठवड्यात आमची मंडई होती. पडदा उघडण्याआधी मारोती माईकपुढे जाऊन उभा राहिला. तोंडाला रंग लावलेला, कमरेला तलवार. बायजाबाई पुढे चटईवर, तिच्या मागे वसंता नवा दात दाखवत हसतो आहे, आणि पटांगणात पाय ठेवायला जागा नाही. मी विंगेत, पहिलं पान उघडून बसलेलो. मारोती म्हणाला, ‘मायबाप हो, माह्यी सजा सरली. मले कंपनीत जागा नाई भेटली, त्याचं मले दुख नाई. पण एक गोष्ट सांगतो. या दुनियेत गरिबासाठी कोनी भांडत नाई. आपले प्रोबेशन साहेब माह्यासाठी कोर्टात दोन डाव भांडले. टेबलावर मूठ आपटली त्याईनं!’

लोक टाळ्या वाजवायला लागले. मारोतीनं हात वर करून त्यांना थांबवलं, विंगेकडे वळला, आणि जसा वाक्यासाठी माझ्याकडे पाहायचा तसाच पाहून म्हणाला, ‘हौ ना, साहेब?’

प्रॉम्प्टरनं कधी मोठ्यानं बोलायचं नसतं. इतक्या वर्षांत त्या लोकांनी माझा आवाज पडद्याबाहेर ऐकला नव्हता. मारोती वाट पाहत होता.

‘हौ,’ मी म्हटलं. मोठ्यानं, पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

केवढ्या टाळ्या पडल्या! मारोतीचे डोळे भरून आले, त्याच्या गालावरचा रंग ओघळला. पडदा वर गेला. मी त्याला पहिलं वाक्य सांगितलं आणि त्यानं ते उचललं.

कोर्टानं कधी नाही म्हटलं नव्हतं. कोर्टाला मी विचारलंच नव्हतं.